अप्पांसाठी ई-रीडर घ्यावा का? सीमाभागातल्या वाचकांना विचारायचंय

मलप्रभाकाठ (खानापूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न घरचा आहे, खरं उत्तर बऱ्याच जणांच्या उपयोगी पडेल म्हणून धागा काढतोय.

आमचे अप्पा ७९ वर्षांचे. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत मास्तर होते. निवृत्तीनंतर वाचन हाच त्यांचा दिवस. सकाळी ‘तरुण भारत’ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, दुपारी पुस्तक, रात्री जेवण झालं की परत पुस्तक. मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशनं झाली. आता डोळ्याच्या पडद्याची झीज सुरू झालीय. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती जपा.

गेल्या रविवारी गावी गेलो तर अप्पा खिडकीशी उभे राहून वाचत होते. आमच्या घरात उजेड खिडकीच्या वरच्या अर्ध्या भागातून येतो, म्हणून उभे. डाव्या हातात पुस्तक, उजव्या हातात भिंग. भिंग ओळीच्या शेवटाला जायचं, खालची ओळ धरताना चुकायचं आणि परत तीच ओळ लागायची. आईनं ठेवलेला चहा गार झाला तरी पान उलटलं नव्हतं. मला बघितल्यावर त्यांनी भिंग सदऱ्याच्या खिशात टाकलं आणि “काय नाही, जरा चाळत होतो,” म्हणाले. आयुष्यभर पोरांना मोठ्यानं वाचायला शिकवलेल्या माणसाला वाचताना सापडल्याचा संकोच वाटावा, हे मला सहन झालं नाही.

घरात तीन कपाटं पुस्तकं आहेत. त्यातलं एक वाळवीनं पोखरलंय, दुसऱ्यात पावसाळ्यात बुरशी धरते. नवीन पुस्तकं मेहुणे बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयातून आणून देतात, ते जमेल तेव्हा.

तर विचारायचं असं, की ई-रीडरवर, म्हणजे पुस्तकं वाचायच्या यंत्रावर, मराठी अक्षर खरंच मोठं आणि स्वच्छ दिसतं का? त्यावर मराठी पुस्तकं मिळतात का? आणि ज्या माणसानं आजवर मोबाईलवर फक्त फोन उचललाय, त्याला ते जमेल का? खर्चाची तयारी आहे. वस्तू आणून कपाटात पडून राहिली तर मात्र अप्पांनाच वाईट वाटेल.

टिळकवाडी

मी अकरा वर्षं ई-रीडर वापरतोय, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर ठामपणे देतो. अक्षर मोठं होतं, आणि मोबाईलवर होतं तसं नाही होत.

मोबाईलचा पडदा डोळ्यात उजेड सोडतो. ई-रीडरचा पडदा कागदासारखाच असतो, बाहेरचा उजेड त्यावर पडून परत येतो. आत केसाच्या जाडीएवढ्या बारीक कुप्या असतात, लाखोंनी. प्रत्येक कुपीत पांढरे आणि काळे कण तरंगत असतात, दोघांवर उलटा विद्युतभार. वीज दिली की एक रंग वर येतो, दुसरा खाली जातो. अक्षर एकदा उमटलं की ते टिकवायला वीज लागत नाही, पान उलटतानाच लागते. म्हणून चार्जिंग आठवडेच्या आठवडे पुरतं. हे तंत्र अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेतून निघालं आणि १९९७ मध्ये त्याची कंपनी झाली. अ‍ॅमेझॉनचा ई-रीडर, किंडल, आला २००७ च्या नोव्हेंबरात.

आताच्या यंत्रांना पुढून उजेड असतो. पडद्याच्या कडेला दिवे, त्यांचा प्रकाश पडद्यावर पसरतो, वाचणाऱ्याच्या डोळ्यावर येत नाही. अप्पांना खिडकीशी उभं राहावं लागणार नाही. खुर्चीत बसून, पाठीला उशी लावून वाचतील.

मराठीचं म्हणाल तर २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर पाच भारतीय भाषा आल्या: हिंदी, तमिळ, मराठी, गुजराती आणि मल्याळम. कन्नड त्यात नव्हती. माझ्या शेजारी एक कन्नडचे निवृत्त प्राध्यापक राहतात, आमची रोजची संध्याकाळची फेरी एकत्र असते. त्यांना त्या वेळी झालेला खेद मला अजून आठवतो. आपली भाषा यंत्राच्या यादीत नसणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

दोन गोष्टी आधी बघा. सहा इंची पडद्यावर अक्षर फार मोठं केलं की ओळीत दोन-तीनच शब्द मावतात. आपल्याकडे ‘महानगरपालिकेसमोरच्यासारखं’ असा लांबलचक शब्दही असतो. तो ओळीत बसला नाही की अख्खा खाली जातो आणि वर मोठी पोकळी राहते. म्हणून सात इंच किंवा त्याहून मोठा पडदा घ्या, आणि सेटिंगमध्ये दोन्ही बाजू समान ठेवण्याऐवजी मजकूर डावीकडून लावा. पोकळ्या जातात. दुसरं, घेण्याआधी कुणाचं तरी यंत्र मागून अप्पांच्या हातात द्या. माझं देतो. रविवारी टिळकवाडीत या.

उचगावची लेक

मी वेगळं मत मांडते, दादा राग मानू नका.

माझं वाचन सुरू झालं ते गावच्या साहित्य संमेलनातल्या पुस्तकांच्या स्टॉलवरून. आमचं उचगाव, तिकडं कडोली, येळ्ळूर, बेळगुंदी, कुद्रेमानी… थंडीच्या दिवसांत प्रत्येक गावाचं आपलं संमेलन. सकाळी ग्रंथदिंडी निघते. पालखीत पुस्तकं, पुढं लेझीम, आणि दारोदारी बायका पाण्याचे तांबे घेऊन उभ्या. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. ती पालखीतल्या पुस्तकाला हळदकुंकू लावायची आणि आम्हाला म्हणायची, “हात लाव आणि पाया पड.” तो हात मला अजून पुस्तकावरच ठेवावासा वाटतो.

भावना बाजूला ठेवूनही सांगते. आमच्या घरातलं एक पुस्तक आधी मी वाचलं, मग जावेनं, मग तिच्या बहिणीनं बेनकनहळ्ळीला नेलं, तिथून ते सुळग्याला गेलं. परत आलं तेव्हा त्यात एक पोस्टकार्ड आणि मक्याच्या कणसाचे दोन केस होते. सीमाभागात मराठी पुस्तक असंच फिरतं. दुकानं चार, विकत घेणारे थोडे, वाचणारे मात्र पुष्कळ. ई-रीडरवरचं पुस्तक एका माणसाच्या खात्यात राहतं. ते सुळग्याला कसं जाणार?

अप्पांसाठी नक्की घ्या, त्यांची गरज खरी आहे. पण धागा वाचून धडधाकट डोळ्यांची माणसंही वाचनालयाची वर्गणी बंद करतील, याची मला काळजी वाटते. दीडशेहून अधिक वर्षांचं वाचनालय आहे ते. सभासद कमी झाले तर कुणाच्या जीवावर चालायचं?

जांबोटी

आमच्याकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत वीज म्हणजे पाहुणी. कणकुंबीचा पाऊस माहीत असेल तुम्हाला. मागच्या जुलैत सलग पाच दिवस लाईट नव्हती. मोबाईल दुसऱ्या दिवशी बंद पडला, ई-रीडर पाचव्या दिवशीही चालू. मी तीन कादंबऱ्या संपवल्या, चुलीपुढं बसून. कागदाच्या पुस्तकांना पावसाळ्यात पानागणिक ओल धरते, कव्हरं वाकतात, कसर लागते. यंत्राला फक्त एक झाकणाची पिशवी.

रेंज नसली तरी काही अडत नाही, पुस्तकं एकदा भरून ठेवली की झालं. पावसाळ्याआधी बेळगावला गेलो की वीस-पंचवीस भरून आणतो.

अक्षरजुळारी (निपाणी)

माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर पानं जुळवायचं काम आहे, २६ वर्षं. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, संमेलनांच्या स्मरणिका, पुस्तकंही जुळवली आहेत. मराठी ई-पुस्तकात काय बिघडतं आणि का बिघडतं, ते जरा सविस्तर लिहितो, कारण पुष्कळ जण यंत्राला दोष देतात आणि दोष फाईलमध्ये असतो.

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला एकच ठरलेला संकेत देणारी पद्धत. आपल्याकडची जुनी पुस्तकं युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत. त्या फॉन्टमध्ये आपण दाबायचो इंग्रजी कळ, दिसायचं मराठी अक्षर. संगणकाला ते मराठी आहे हे माहीतच नसायचं. अशी फाईल ई-पुस्तकासाठी युनिकोडमध्ये बदलली की गडबड होते. उदाहरण देतो. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, कारण ती डाव्या बाजूला दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. बदलणाऱ्यानं नीट लक्ष दिलं नाही तर ‘कविता’चं ‘किवता’ होतं. मी विकत घेतलेल्या एका ई-पुस्तकात असे शब्द पानापानाला होते. वाचक दहा पानं सोसतो, मग म्हणतो, छापीलच बरं.

दुसरं दुखणं ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’चं. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’. हा अर्धा र मराठीत पावलोपावली लागतो आणि हिंदीत लागत नाही. म्हणून ज्याचं सगळं काम हिंदी धरून चाललेलं असतं, त्याच्या फाईलमध्ये त्या आडव्या र-च्या जागी वर रफार बसतो आणि ‘दुसऱ्या’चं ‘दुसर्या’ होऊन जातं. अर्थ कळतो, पण डोळा अडखळतो. तेच ‘ल’ आणि ‘श’चं. आपला पाकळीचा ल आणि देठाचा श वेगळा. फॉन्ट हिंदी वळणाचा असला की पान परकं वाटतं, आणि का वाटतं ते चटकन सांगता येत नाही.

यावर उपाय आहेत. बहुतेक ई-रीडरमध्ये आपला फॉन्ट घालता येतो. यंत्र संगणकाला जोडायचं, फॉन्टच्या फोल्डरमध्ये फाईल टाकायची, बस्स. मी ‘तिरो देवनागरी मराठी’ वापरतो. पुस्तकाच्या छपाईचं वळण आहे आणि मराठीसाठी मुद्दाम केलाय. ‘मुक्त’ हा सरळ जाडीचा आहे, नजर कमी असेल तर तो जास्त बरा. अप्पांसाठी तोच घाला, आणि अक्षराची जाडी वाढवायची सोय असेल तर तीही वाढवा. नजर क्षीण झालेल्या माणसाला नुसतं मोठं अक्षर पुरत नाही, रेघ ठसठशीत लागते.

आता पीडीएफ. हे नीट वाचा, कारण सगळ्यांची फसगत इथंच होते. पीडीएफ म्हणजे पानाचा फोटो समजा. डेमी आकाराचं पान साडेपाच बाय साडेआठ इंचाचं. ते सहा इंची पडद्यावर बसवलं की अक्षर छापील पुस्तकापेक्षाही बारीक होतं. अप्पांना त्याचा काही उपयोग नाही. खरं ई-पुस्तक ते, ज्यात मजकूर पाण्यासारखा वाहतो. अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नव्यानं लागतात. त्या प्रकाराला ईपब म्हणतात. ‘कॅलिबर’ नावाचा मोफत प्रोग्राम आहे, कोविद गोयल या आपल्या भारतीय माणसानं केलेला. फाईल एका प्रकारातून दुसऱ्यात नेणं, यंत्रात भरणं, सगळं त्यात होतं. पण स्कॅन केलेल्या पीडीएफवर कॅलिबर चालत नाही. तिथं आधी ओसीआर या प्रोग्रामनं चित्रातली अक्षरं ओळखून घ्यावी लागतात, आणि मग माणसानं बसून ओळन् ओळ तपासावी लागते. मराठीचं ओसीआर आता पुष्कळ सुधारलंय. तरी जुन्या खिळ्यांच्या छपाईत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांची गल्लत होतेच. तपासणीला पर्याय नाही.

खडेबाजार

माझं पुस्तकांचं छोटं दुकान आहे. हे बोलणं सगळ्यांना रुचणार नाही, तरी बोलतो.

‘पुस्तकं भरून आणतो’ असं वर एकानं लिहिलंय. विकत घेऊन भरत असतील तर आनंद आहे. पण मला दुकानात रोज जे दिसतं ते वेगळं आहे. पोरं येतात, नवं पुस्तक हातात घेतात, मुखपृष्ठाचा फोटो काढतात आणि जातात. दोन दिवसांनी त्याच पुस्तकाची पीडीएफ मला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत येते. मराठी पुस्तकाची आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची. ती संपायला वर्षं जातात. अशा धंद्यात शंभर फुकट पीडीएफ म्हणजे किती मोठा घाव, ते तुम्हीच सांगा. प्रकाशक ई-पुस्तक काढायला धजत नाहीत त्यामागं हीच भीती आहे. मग लोक म्हणतात, मराठीत ई-पुस्तकं मिळत नाहीत.

फुकट आणि कायदेशीर काय आहे, तेही सांगतो. आपल्याकडे लेखक गेल्यानंतरच्या जानेवारीपासून ६० वर्षं हक्क राहतात, मग पुस्तक सर्वांचं होतं. साने गुरुजी जून १९५० मध्ये गेले, त्यांचं लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे. आपल्या बेळगावच्या इंदिरा संत २००० साली गेल्या, त्यांच्या कवितांवर २०६० अखेरपर्यंत हक्क आहेत. त्या कविता कुणी फुकट वाटत असेल तर ते वाटप नव्हे, चोरी आहे.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली पुष्कळ पुस्तकं संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. राज्य मराठी विकास संस्थेनं जुने दुर्मिळ ग्रंथ स्कॅन करून ठेवलेत. मराठी विकिस्रोत या मुक्त ऑनलाइन ग्रंथालयात हक्क संपलेलं साहित्य युनिकोडमध्ये आहे, ते थेट ईपब म्हणून उतरवता येतं. गावात बसून मिळतं. हे जरूर घ्या. माझ्या दुकानाचं नुकसान यानं होत नाही. उलट गोडी लागलेला माणूस पुढचं पुस्तक मागायला येतो.

चिकोडीची बाई

मी हायस्कूलला मराठी शिकवते. ‘पडद्यावर वाचलेलं डोक्यात राहत नाही’ असं सरसकट बोललं जातं, म्हणून थोडं लिहिते.

२०१८ मध्ये ५४ अभ्यास एकत्र करून एक मोठं विश्लेषण प्रसिद्ध झालं होतं, एक लाख सत्तर हजारांहून जास्त वाचकांचं. त्यात कागदावरचं आकलन सरस ठरलं, पण ते माहितीपर मजकुरात, आणि वेळेचं बंधन असताना जास्त. गोष्टीच्या बाबतीत तसा फरक आढळला नाही. शिवाय त्यातले बरेच अभ्यास संगणकाच्या पडद्यावरचे आहेत.

ई-रीडरचाच एक अभ्यास २०१९ चा आहे, नॉर्वेतल्या आन मांगेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. ५० जणांना एकच २८ पानी कथा दिली, निम्म्यांना छापील, निम्म्यांना किंडलवर. बहुतेक चाचण्यांत दोन्ही गट सारखे निघाले. फक्त कुठली घटना आधी, कुठली नंतर, आणि ती पुस्तकात साधारण कुठं आली, हे छापील वाचणाऱ्यांनी जास्त बरोबर सांगितलं.

मला हे पटतं, कारण माझ्या हाताला ते माहीत आहे. छापील पुस्तकात डाव्या हातातली जाडी वाढत जाते, उजव्या हातातली कमी होते. ‘ते डाव्या पानावर, खाली होतं’ असं मी वर्गात पुस्तक न उघडता सांगते. ई-रीडरवर सगळी पानं एकाच जागी येतात आणि जातात. म्हणून मी मुलांना अभ्यासाचं पुस्तक कागदावरच वाचा म्हणते, आणि कथा-कादंबरी मिळेल त्यावर वाचा म्हणते.

अप्पांबद्दल एक महत्त्वाचं. प्रताधिकार कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. अपंगत्वामुळे ज्यांना छापील पुस्तक वाचता येत नाही, त्यांच्यासाठी पुस्तक वाचता येईल अशा रूपात आणायला मुभा आहे. दृष्टिहीनांना पुस्तकं वाचता यावीत म्हणून झालेल्या मराकेश करारावर सगळ्यात आधी शिक्कामोर्तब करणारा देश भारतच, २०१४ साली. ‘सुगम्य पुस्तकालय’ नावाचं ऑनलाइन ग्रंथालयही अशाच वाचकांसाठी आहे. खडेबाजारकाका, अप्पांच्या स्वतःच्या कपाटातलं पुस्तक त्यांच्यासाठी स्कॅन करून मोठ्या अक्षरात आणलं, तर तुमचीही हरकत नसावी.

खडेबाजार

बाई, अजिबात नाही. तसं असेल तर स्कॅनरला मीच माणूस देतो.

मलप्रभाकाठ (खानापूर)

सगळ्यांचे आभार. रविवारी टिळकवाडीत जाऊन यंत्र बघितलं, अप्पांना घेऊनच. त्यांनी दहा मिनिटं हातात धरलं, काही बोलले नाहीत. परत येताना गाडीत म्हणाले, “अक्षर ठळक होतं.” अप्पांच्या तोंडून एवढं आलं म्हणजे पुष्कळ झालं. घेतोय.

एक शंका. विकत घेतलेलं पुस्तक कायमचं आपलंच राहतं ना?

टिळकवाडी

इथं मात्र खरं तेच सांगितलं पाहिजे. नाही राहत.

आपण पैसे देतो ते वाचायच्या परवान्याचे. २००९ साली अ‍ॅमेझॉननं विकलेली काही पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतली होती. विकणाऱ्याकडं हक्कच नव्हते, असं कारण होतं. पैसे परत दिले, नंतर माफीही मागितली. पण एवढं कळलं, की असं करता येतं. पुढं २०२५ च्या फेब्रुवारीत विकत घेतलेलं पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीनं यंत्रात घालायची सोयही बंद केली. उचगावच्या ताईंनी जो प्रश्न विचारला, की पुस्तक सुळग्याला कसं जाणार, त्याला माझ्याकडे अकरा वर्षांनंतरही उत्तर नाही. आणि छापील पुस्तकावर जीएसटी नाही, ई-पुस्तकावर आहे. तेही मला पटत नाही.

म्हणून मी असं करतो: जे एकदाच वाचायचं ते यंत्रावर. वाचून झाल्यावर कुणाला तरी द्यावंसं वाटलं, तर तेच पुस्तक छापील घेतो आणि देतो. वाचनालयाची वर्गणी चालू आहे, बंद करणार नाही.

आणखी एक, यंत्र जपा. पडद्याच्या आत काच असते. माझं पहिलं यंत्र बसच्या गर्दीत पिशवीत दबलं आणि पडद्यावर कायमच्या आडव्या रेघा आल्या. दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या जवळपास निघाला. जाड कव्हर आधी घ्या.

वेदगंगेकाठी

मी निपाणी भागातला. बोलू का नको असा विचार करत होतो, खरं बोलतो.

२०१९ च्या ऑगस्टात पाणी आलं तेव्हा आम्ही जनावरं आणि म्हातारी माणसं आधी बाहेर काढली. पुस्तकांची आठवण आली तेव्हा घरात मांडीभर पाणी होतं. पाच दिवसांनी परत आलो. वडिलांची दोन-अडीचशे पुस्तकं भिंतीतल्या फडताळात होती. भिजून फुगली होती, इतकी की फडताळातून निघेनात. कोयत्यानं फळी कापावी लागली. अंगणात ताडपत्रीवर वाळत घातली. पानं एकमेकांना चिकटून वीट झालेली. नखानं सोडवायला गेलं की अक्षरासकट सालपट निघायचं. वडील तीन दिवस ताडपत्रीपाशी बसून होते. एक एक पान सोडवून दगड ठेवत होते. शेवटी अकरा वाचली.

त्यात वडिलांच्या हातची एक वही होती, गावातल्या भजनांची. ती गेली. ती कुठं छापलेली नव्हती, कुणाच्या खात्यात नव्हती, बाजारात मिळणार नव्हती.

तेव्हापासून मला कागद का पडदा हे भांडण कळत नाही. दोन्हीकडं असू दे. ज्यांच्या घरात अशी वही असेल त्यांनी आज फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. नदी कुणाला विचारून येत नाही.

उचगावची लेक

वेदगंगेकाठी, वाचून गलबलून आलं. आमच्या आजीच्या ओव्या माझ्या आत्यानं वहीत उतरवून ठेवल्या आहेत. उद्याच फोटो काढते. वडिलांच्या वहीतली भजनं गावात कुणाला पाठ असतील का? भजनी मंडळात विचारून बघा की.

वेदगंगेकाठी

दोघे आहेत. एक ८० च्या पुढचे. जातो ताई.

मलप्रभाकाठ (खानापूर)

दोन महिने झाले, कळवायचं राहून गेलं.

पहिला आठवडा अवघड गेला. अप्पांची बोटं कोरडी, पडद्याला स्पर्श कळायचा नाही, मग ते जोरात दाबायचे आणि दोन पानं पुढं जायची. पान हरवलं की गोंधळायचे. शेवटी नातीनं युक्ती केली. शेजारी पाण्याची वाटी आणि ओला रुमाल ठेवला. बोट जरा ओलसर असलं की पान नीट उलटतं. पुस्तकाचं पान उलटायला ते आयुष्यभर बोट ओलं करत आलेत, त्यामुळे सवय लगेच लागली.

अक्षर इतकं मोठं लावलंय की पानावर पंचवीस-तीस शब्दच मावतात. ‘मुक्त’ फॉन्ट, ठळक. भिंग आता आईच्या सुईदोऱ्याच्या डब्यात आहे. पहिलं पुस्तक संपायला सतरा दिवस लागले. संपल्यावर त्यांनी मला फोन केला. एरवी अप्पा स्वतःहून फोन करत नाहीत.

एक तक्रार आहे त्यांची, आणि ती खरी आहे. समासात लिहिता येत नाही. आमच्या कपाटातल्या प्रत्येक पुस्तकात पेन्सिलीनं लिहिलेलं आहे, कुठं नुसतं ‘होय’, कुठं शाळेतल्या एखाद्या पोराचं नाव. यंत्रावर टिपण लिहायची सोय आहे, पण ती बारीक कळफलकावर आणि त्यांना जमत नाही. म्हणून एक शंभर पानी वही घेतली. त्यात ते जाड स्केचपेननं लिहितात, एका पानावर तीन-चार ओळी.

शेजारच्या पारूआक्का दुपारी येऊन बसतात. त्यांना अप्पा रोज एक प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवतात. आवाज शाळेतलाच आहे अजून.

आता कपाटाचं काम. वाळवी लागलेल्या कपाटातून बावीस पुस्तकं शाबूत निघाली. त्यातली नऊ बाजारात मिळत नाहीत, खडेबाजारकाकांनी खात्री करून सांगितलं. शिवाय १९८० च्या आसपासच्या चार संमेलन-स्मरणिका आहेत. एकीत अप्पांचा लेख आहे, पोरांना वाचायला कसं शिकवावं यावर. स्मरणिकांचं कायद्यात कसं बसतं ते आधी त्या त्या संमेलनाच्या मंडळींना भेटून विचारणार आहे. ते हो म्हणाले तर अक्षरजुळारी मजकूर तपासून देणार आहेत.

स्कॅनर खडेबाजारकाकांच्या दुकानात आहे. पुढच्या रविवारी सकाळी दहाला पुस्तकं घेऊन येतोय. कुणाकडे वेळ असेल तर या, पानं उलटायला हात लागतील. पुस्तकं जुनी आहेत, शिवण सैल झालीय, तेव्हा सावकाश करावं लागेल.

चिकोडीची बाई

दहावीची चार मुलं घेऊन येते. ओसीआर झाल्यावर तपासणीला बसवू त्यांना, ‘घ’ आणि ‘ध’ ओळखायला.

जांबोटी

मी येतो. दोन सुती कापडं आणि ब्रश आणतो, बुरशी झाडायला.